हवा कोणाची?

गावात हवा भगवानरावांचीच होती. दोनदा सरपंच झालेला माणूस. दारात नवा ट्रॅक्टर, मागे पोरांची फौज. यंदा सरपंचाच्या निवडणुकीत बचत गटातल्या बायांनी दीपमालाला त्यांच्याविरुद्ध उभं केलं आणि तिला निशाणी मिळाली पंखा.

"पंख्याले लाइट लागते, सूनबाई," गावच्या नात्यानं तिचे सासरे लागणारे भगवानराव पारावर सगळ्यांसमोर म्हणाले. "आमची हवा तशीच वाहते!"

पार खदखदून हसला. दीपमालाही हसली, पण घरी येईस्तोवर तिचे कान तापलेलेच होते.

त्याच आठवड्यात गावची डीपी, म्हणजे विजेचा ट्रान्सफॉर्मर, जळाली आणि गावातली लाइट गेली. ऑक्टोबरचं ऊन, झाडाचं पान हलेना. दीपमालाची सासू शालूबाई दम्याची. दिवसभर उंबऱ्यात बसून श्वास ओढायची. भगवानराव रोज सांगायचे, "फोन लावला हाय, डीपी येऊन राह्यली." डीपी काही येईना.

शेवटी दीपमालानंच चिखलीच्या वीज कार्यालयात फोन केला. डीपी तयार होती, गावानं गाडी आणली की न्यायची. ती तडक भगवानरावांकडे गेली.

"मामाजी, ट्रॅक्टर द्या."

"प्रचारात लागला हाय. निवडणूक होऊ दे, मंग आणू."

"तवर लोकायनं काय करायचं?"

"हवा खायची!"

दीपमाला तशीच घरी आली. घरचा जुना ट्रॅक्टर तिनं आजवर वावरातच चालवला होता. नवरा शेखर पुण्याला कंपनीत. तिनं पदर खोचला, ट्रॉली जोडली, गटातल्या बाया मागे चढल्या. चिखलीच्या ऐन बाजारात ट्रॅक्टर बंद पडला. मागून हॉर्नचा गलका. तिनं पुन्हा चावी फिरवली. इंजिन धडधडलं आणि ट्रॉलीतल्या बायांनी अशी आरोळी ठोकली की हॉर्न वाजवणारे गप्पच झाले.

दिवस कलताना डीपी गावात आली. लाइनमन इंद्रभाननं तारा जोडल्या, खटका ओढला. घराघरातून एकच कल्ला उठला. शालूबाई पंख्याखाली डोळे मिटून बसल्या, कितीतरी दिवसांनी छातीभर श्वास घेत. भगवानरावांच्या माडीवरचा पंखाही गरगरू लागला.

टपरीवर कोणीतरी विचारलं, "आता हवा कोणाची बे?"

"पंख्याची!" अख्खी टपरी ओरडली.

मतमोजणीच्या दिवशी दीपमाला भरघोस मतांनी निवडून आली. ढोल कडाडले, गुलालानं रस्ता लाल झाला. गर्दीतून वाट काढत भगवानराव हार घेऊन आले.

"जितलीस, सूनबाई. मानलं तुले."

दीपमाला त्यांच्या पाया पडली. उठता उठता म्हणाली, "मामाजी, शाळेच्या नळाले पाणी नाही. उद्या सकाळी पाहाले जाऊन राह्यलो आम्ही. तुमी संगं या."

भगवानरावांनी हार तिच्या गळ्यात घातला. मग गुलालाची मूठ तिच्या डोक्यावर उधळत म्हणाले, "हाव. येतो."