दत्तप्रसादने टाकलेला दगड

दुबईच्या जुमेरा लेक टॉवर्समधलं सवयीचं घर सोडून दत्तप्रसाद सिलिकॉन ओएसिसला आला, तो निव्वळ भाडं कमी म्हणून. त्याच्या बायकोच्या, अनुराधाच्या ओळखीचं इथे चिटपाखरूही नव्हतं. तिने स्वयंपाकघराचा मोठा खोका उघडलाच नाही. "मार्चपर्यंत बघते. नाही रमले तर शुभ्राला घेऊन पुण्याला जाते," तिने सांगून टाकलं.

दत्तप्रसादने घाईघाईने इथल्या मराठी मंडळींचा व्हॉट्सॲप ग्रुप काढला. आपली माणसं कुठे कुठे दडून बसलेली असतात, देव जाणे. बघता बघता टॉवरटॉवरमधून उगवली, आणि उगवली तीच बाह्या सरसावून. अध्यक्ष कोण, लोगोत समई की तोरण? मंडळाचा अजून पत्ता नव्हता आणि दोन गट पडलेसुद्धा. अनुराधाही ग्रुपवर होती, पण तिने चकार शब्द लिहिला नव्हता.

लेक शुभ्रा शाळेसाठी ग्रीक कथांचा प्रोजेक्ट करत होती. "बाबा, धिस इज सो कॅडमस," ती त्याच्या फोनमध्ये डोकावून म्हणाली.

हा कॅडमस म्हणे एका गाईच्या मागे चालत गेला आणि ती बसली तिथे त्याने नगर वसवायचं ठरवलं. तिथल्या ड्रॅगनला मारून त्याचे दात पेरले, तर जमिनीतून शस्त्रं घेतलेले सैनिक उगवले.

"मग काय केलं त्याने?"

"ही थ्रू अ स्टोन. दे फॉट ईच अदर. ओन्ली फाइव्ह वेअर लेफ्ट, अँड ही बिल्ट थीब्स विथ देम."

गाईच्या जागी भाडं, एवढाच काय तो फरक. दत्तप्रसादने दगड उचलला. ग्रुपवर लिहिलं, "साबुदाण्याच्या खिचडीत बटाटा उकडलेला घालावा की कच्च्या काचऱ्या?"

झालं. अध्यक्षपद राहिलं बाजूला. उकडलेला म्हणजे निव्वळ लगदा, असं एकाने म्हणायचा अवकाश, माणसं एकमेकांच्या आजोळापर्यंत घसरली. जेवणवेळेपर्यंत बहुतेक सगळे फणफणत ग्रुप सोडून गेले. दत्तप्रसादने कपाळाला हात लावला. आता पुणंच.

तेवढ्यात फोन वाजला. मेसेज आतल्या खोलीतून, अनुराधाचा होता. "उकडलेल्या बटाट्याला नावं ठेवणाऱ्यांनी जन्मात धड खिचडी खाल्लेली नाही. शनिवारी माझ्याकडे या, खा, मग बोला."

वसईच्या जोकिमने लगेच लिहिलं, "वहिनी, उपवास आपल्याला जमत नाय, पण खिचडीला हंड्रेड पर्सेंट येणार. बायकोला, जोसेफिनलापण आणतो." मुग्धा काचऱ्यांच्या खिचडीचा डबा घेऊन येणार होती, बघूच म्हणाली. सुजीत म्हणाला, "यल्ला, चला, निकाल मी देणार."

शुभ्राने बोटांवर मोजून बघितलं. "फाइव्ह, बाबा. काउंटिंग आई."

अनुराधा बाहेर आली. गाल लाल झाले होते. "कात्री आण रे, मोठी कढई खोक्यात आहे."

कढई वरच होती. तरी ती थांबली नाही. किसणी, रवी, पुरणयंत्र, पोळपाट, एकेक बाहेर काढून फळीवर लावत गेली. खोका रिकामा झाल्याबरोबर दत्तप्रसाद तो खाली कचऱ्यात टाकून आला. उगीच तिचा विचार बदलायला नको.