तीन कोरे चौकोन

मित्रांनो, मी एक जुनं टेबल आहे. अंग सागवानी, वर दुधी काच आणि पोटात दोन ट्यूबलाइट. सगळं काही आहे, फक्त तोंड नाही. त्या एका उणिवेपायी एक रान गेलं, तेच सांगतो.

परळच्या एका मिलच्या डिझाइन खात्यात माझा जन्म झाला. पोटातले दिवे लावायचे, काचेवर साडीच्या काठाचं चित्र, त्यावर चौकोन आखलेला कागद ठेवायचा आणि एकेक चौकोन रंगवायचा. या कामात खात्यातल्या गंगाधरचा हात धरणारा कोणी नव्हता. त्याचा नियम एकच, काठाची वेल कुठे तुटता कामा नये. चुकून कोरा राहिलेला चौकोन तो कुणाला न विचारता भरून टाकी, आणि मास्तर शाबासकी देत.

मग संप झाला. खातं बंद पडलं ते पडलंच. गंगाधरने मला हातगाडीवरून करी रोडच्या खोलीत आणलं. सहा वर्षं त्याची बायको तुळसा माझ्यावर सांडगे वाळवत होती.

एके दिवशी असं दिव्याचं टेबल शोधत दादरची पद्मजा आली. ती शेकरूचा अभ्यास करत होती. शेकरू ही मोठी खार. ती झाडावरून झाडावर उड्या मारत जगते, जमिनीवर सहसा उतरत नाही. ती कुठे जगू शकेल, याचा नकाशा पद्मजाला हवा होता. एका कागदावर उंच झाडं, दुसऱ्यावर दाट सावली, तिसऱ्यावर गावं आणि रस्ते. सगळे कागद माझ्यावर एकावर एक ठेवायचे, आणि सगळं जुळेल तो चौकोन हिरवा करायचा. हिरवा पट्टा तुटेल तिथे सरकार झाडं लावणार होतं.

गंगाधरच्या बोटांत जीव आला. पद्मजाच्या कच्च्या खुणांवरून पक्का नकाशा काढताना लांब हिरव्या पट्ट्याच्या मधोमध तीन चौकोन कोरे आले.

"पोरीच्या नजरेतून सुटले वाटतं," तो पुटपुटला. "वेल तुटलेली बरी दिसत नाय."

मी दिवे फडफडवले. त्याने मला एक गुद्दा घातला, "ट्यूब गेली बहुतेक" म्हणाला आणि तीनही चौकोन भरले. सकाळी पद्मजा घाईघाईत नकाशा गुंडाळून सरकारी कचेरीत देऊन आली.

महिन्याने ती परत आली तेव्हा रडायची बाकी होती.

"काका, हे तीन चौकोन हिरवे कसे झाले? तिथे एक झाड उरलं नाहीये. तिथेच तर लावायची होती!"

गंगाधरने आपला उजवा हात पुढे केला. "ह्या माझ्या हातान घोळ केल्यान गो बाय."

दोघं कचेरीत गेली. परत आल्यावर गंगाधरने तुळसाला सांगितलं, "सायब म्हणतो, नकाशात रान जोडलेलं आहे, आता झाडं कशाला? मी म्हटलं, चूक माझी. तर म्हणतो, साड्या रंगवणाऱ्याला रानातलं काय कळतं?" त्याच साड्या रंगवणाऱ्याचा नकाशा मात्र साहेबांना खरा वाटत होता.

पुढे त्या जागी खाण आली. पद्मजा एकदा सांगून गेली, "पलीकडे एकच शेकरू उरलंय, काका. शेवटच्या झाडापर्यंत येतं, ओरडतं आणि मागे फिरतं."

"मी पण मिलच्या गेटापर्यंत जाऊन असाच मागे फिरायचो," गंगाधर म्हणाला. नंतर त्याने ब्रश हातात धरला नाही.

मित्रांनो, गंगाधर आता नाही. मी चाळीच्या जिन्याखाली धूळ खात उभा आहे. मला पुसलं नाहीत तरी चालेल, पण कुठे कोरी जागा दिसली तर भरण्याआधी विचारा, ती कोरी का आहे. मला तेव्हा विचारता आलं नाही. त्या रानातून आता ओरडणंही ऐकू येत नाही, असं पद्मजा म्हणते.