वाजेपर्यंत

माघातलं ऊन चिखलदऱ्याच्या पठारावर उशिरा येतं. आधी दरीतलं धवल धुकं उठतं, मग सिल्व्हर ओकचे शेंडे सोनसळी होतात, आणि मग ते मृदुल, मंदगामी ऊन मन्साराम बेठेकराच्या दीड एकर कॉफीमळ्यातून उतरत अंगणात येतं. अंगणात बांबूच्या, जाळी ताणलेल्या माचांवर त्याची वर्षाची कॉफी वाळत होती.

कॉफी वाळवणं म्हणजे उन्हाशी सलोखा. लाल फळं सोलायची, हौदात भिजवायची, बुळबुळीत चिकटा धुऊन काढायचा आणि टरफलातल्या ओल्या बिया बोटभर थरात पसरायच्या. तासातासाला हातानं फिरवायच्या. भर दुपारी जुन्या धोतरानं झाकायच्या, सांजेला रास करून दवापासून जपायच्या. उन्हानं गोंजारावं पण भाजू नये, एवढंच त्यातलं शास्त्र.

जास्त वाळली तर बी ठिसूळ होऊन वाया जाते, मग थांबायचं कधी? ते मन्सारामचा कान सांगे. मूठभर बिया कानाशी धरून तो हलवी. ओली बी टरफलाला बिलगून गप्प राही. वाळली की सुटे आणि आत खुळखुळे. तीस हिवाळे तो कान चुकला नव्हता. आसपासचे मळेवाले पिशवीत बिया घेऊन त्याच्याकडे येत, आणि म्हातारा डोळे मिटून असा रुबाब करी की विचारू नका.

यंदा त्याची बायको फुलवंती लेकीच्या बाळंतपणाला धारणीला गेली होती. मन्साराम एकटाच. रोज मूठ भरी, कानाशी नेई, हलवी. आवाज नाही. पुन्हा पसरी, पुन्हा मूठ, पुन्हा मौन. एरवी आठ-दहा दिवसांत बी वाजे. यंदा आठवा दिवस गेला, दहावा गेला, चौदावा गेला. एक बी सोलून पाहिली तर तिची निळसर-हिरवी कांती उडालेली, रंग फिकट पिवळट. पण या माणसानं आयुष्यात डोळ्यांना कधी विचारलंच नव्हतं.

यंदा उन्हातच दम नाही, असं त्यानं ठरवून टाकलं. रानही यंदा मुकं होतं. हळद्या आला नाही, बुलबुल आले नाहीत. लोकसुद्धा तोंडातल्या तोंडात बोलतात, अशी त्याची तक्रार होती.

सोळाव्या दिवशी फुलवंती परतली. ती फाटकाशी आली तोच वारा सुटला, माच थरथरले, आणि सगळं अंगण खुळखुळलं. धावत जाऊन तिनं मूठभर बिया दाबल्या. टरफलं तडकली, आतल्या बियांचे तुकडे झाले.

"अवो, कवाची वाजून राह्यली हे!"

पाठमोरा मन्साराम वळला नाही. ती वळसा घालून समोर गेली, तेव्हा तो हसला.

"आली का तू? वाजत नाही वं अजून. यंदा ऊनच नाही."

फुलवंतीनं मूठ त्याच्या कानाशी नेली आणि हलवली. वर्षभर ती त्याच्याशी जरा मोठ्यानं बोलत होती. का, ते तिनं स्वतःलाही विचारलं नव्हतं. आता तिचे डोळे भरून आले. त्या डोळ्यांत मन्सारामनं पाहिलं, आणि त्याला सगळं कळलं.

वर्षाची कॉफी मातीमोल झाली होती. पण कॉफी पुढच्या माघात पुन्हा पिकणार होती. कान परत येणार नव्हता, आणि त्या कानावाचून मन्साराम बेठेकर कोण, हे त्याचं त्यालाच सांगता आलं नसतं.

त्यानं विचारलं, "रानात पाखरं हायेत का वं?"

तिनं होकारार्थी मान हलवली. सिल्व्हर ओकवर हळद्या बसला होता, पिवळाधम्मक, गळा फुगवून गात होता. मन्साराम त्या गळ्याकडे पाहत राहिला. मग त्यानं तिच्या हातातल्या बिया घेतल्या, कानाशी नेल्या, डोळे मिटले आणि हलवल्या, हलवतच राहिला. बिया वाजत होत्या, माघाच्या त्या मऊ, निरपराध उन्हात, एकट्या फुलवंतीसाठी.