बादलीभर पाणी

चतुराबाईनं तिसरी बादली काळूच्या डोक्यावर रिकामी केली. मग कुत्र्याचा जबडा फाकवून त्यात लिंबू पिळलं. तरी त्याचे मागचे पाय चिखलात लुळे पडलेलेच.

ओट्यावर तिचा नवरा झुंबर आणि शेजारचा पुंजाराम मध्ये बाटली ठेवून हसत होते.

"दारूत भाकरी कुस्करून दिली, तर ताटली चाटूनपुसून साफ!" पुंजाराम म्हणाला. "वहिनी, तुमचा काळू आज माणसात आला."

"कुत्राच राहिला असता तर बरं झालं असतं."

झुंबर खिदळला. "उतरंल की! माझी नाय उतरत रोज?"

कशी उतरवायची, ते चतुराबाईला बावीस वर्षांत पाठ झालं होतं. गार पाणी, लिंबू, पुन्हा पाणी. पण काळू डोळे उघडेना. अंगाला नुसतं कापरं. तिनं त्याला कांद्याच्या गोणीत गुंडाळलं, हातगाडीवर घातलं आणि हायवे ओलांडून गुरांचा दवाखाना गाठला.

डॉक्टरांनी सलाईन लावलं. हाताला ओलं लागलं तसं त्यांनी विचारलं, "पाणी कोणी ओतलं?"

"मीच. माणसाला ओतते तसं."

"अहो बाई, कुत्र्याला थोडी दारूही विषासारखी. अंग गार पडत जातं, त्यात तुम्ही गार पाणी ओतलंत! शुद्ध नसताना लिंबू पिळलंत, ते छातीत गेलं असतं म्हणजे? पाण्यानं दारू उतरत नसते. माणसाचीसुद्धा नाही. घरी नेऊन ऊब द्या, कुशीवर निजवा. संध्याकाळपर्यंत हालचाल दिसली तर वाचला म्हणा."

चतुराबाई पदरानं काळूचे कान पुसत राहिली, जरा जोरानंच.

ती परतली तेव्हा पुंजाराम गेला होता. झुंबर ओट्यावर घोंगडी अंथरून आडवा झाला होता.

"चतुरे, डोकं गरगरतंय. पानी आन. लिंबू बी पिळ."

भरलेली चौथी बादली तशीच होती. चतुराबाईनं ती उचलली आणि शेवग्याच्या बुंध्याशी ओतून दिली. मग झुंबरच्या खालची घोंगडी एका हिसक्यात ओढली. तो फरशीवर लोळला.

"येडी झाली का? अन् पानी?"

"पाण्यानं उतरत नाय म्हने," ती म्हणाली. "डाक्टर सांगत व्हते."

तिनं काळूला घोंगडीत लपेटून चुलीजवळ कुशीवर निजवलं आणि दाराला आतून कडी घातली.

दिवस कलताना ती चुलीत लाकूड सारत होती, तेव्हा काळूचा एक कान हलला. बाहेर हाका चालूच होत्या. चतुराबाई दाराकडे पाठ करून बसली.