जडावबाईंचं कपाट

मित्रांनो, मी एक जुनं कपाट आहे, आणि तेही बिनदाराचं. हळहळू नका. माझी दारं चोरीला गेली नाहीत की वाळवीनं खाल्ली नाहीत. ती कुठे गेली, तेच आज सांगते.

मुळात मी सातपुड्यातला साग. अजूनही दुपारी शाळा शांत झाली की मला आपण झाडच आहोत असं वाटतं. मोहाच्या फुलांचा गोड वास येतो, माथ्यावर कुठे तरी पोपट भांडत असतात. शहाद्याच्या सुतारानं मला रंधलं, पितळी कुलूप लावलं आणि उजव्या दारावर बोट बुडेल अशा खोल अक्षरांत कोरलं: जडावबाई. म्हणजे हस्तीमल शेठजींच्या आई. शेठजींची नंदुरबारला मिरचीची पेढी, पण आई या तापीकाठच्या गावची लेक. तिच्या माघारी तिचं नाव माहेरी राहावं म्हणून शेठजींनी बावन्न साली मला पुस्तकांनी भरून इथल्या शाळेला दिलं.

मुख्याध्यापक मगन गुरुजींनी मला कुलूप घातलं आणि किल्ली कनवटीला लावली. माणूस वाईट नव्हता. पण तपासणीला साहेब आले आणि एखादं पुस्तक कमी भरलं तर काय, या धाकानं त्यांनी एकही पुस्तक बाहेर जाऊ दिलं नाही. मी उघडायचे ते फक्त दसऱ्याला, पाटीपूजनाच्या दिवशी. झेंडूची माळ, कुंकू, उदबत्ती. मुलं हात जोडायची, की पुन्हा कुलूप.

आता वर्षातून एकदाच जे दार उघडतं आणि ज्याला माळ पडते, त्याला लोक काय समजणार? मुलं येता-जाता मला नमस्कार करू लागली. मिरच्या निवडायला जाणाऱ्या भिकुबाईनं तर मला नवसच बोलला: पोर प्रमिला वाचायला शिकली तर नारळ फोडीन. पोटात एवढी पुस्तकं असून त्या पोरीला एक अक्षर देता येत नव्हतं, आणि वर मी देव! अंधारात पुस्तकं एकमेकांना टेकून झोपलेली असायची. त्यांची कुजबुज मला स्वप्नात ऐकू यायची.

सत्तावन्न साली निर्मलाबाई शिक्षिका म्हणून आल्या. त्यांनी किल्ली मागितली. गुरुजी म्हणाले, "दसऱ्याला देतो." पुढच्याच आठवड्यात गुरुजी भाचीच्या लग्नाला गेले आणि बाईंनी पेचकस घेऊन माझ्या बिजागऱ्याच सोडवल्या. दोन्ही दारं उतरली. साग पानं टाकतो ना, तसंच अंग हलकं झालं. मग ती दारं विटांवर आडवी ठेवून बाईंनी बैठं टेबल केलं. त्यावर चिकणमातीची तापी वळवली, चिंचोके मोजायला ठेवले, कापसाची बोंडं उकलली. पाऊस नसला की टेबल निंबाखाली न्यायचं, कधी त्याचं दुकान करायचं, असा बेत. पुस्तकं कुणीही घ्यावीत, मातीच्या हातांनी घ्यावीत.

पण मुलं टेबलाजवळ यायलाच तयार होईनात. देवाच्या दाराला पाय लागला तर?

गुरुजी परतले ते कपाळाला हात लावूनच. "बाई, दसऱ्याला शेठजी येतायत. स्कूल बोर्डात त्यांचा शब्द चालतो. त्यांनी कपाट परत नेलं तर शाळेत पुस्तक उरायचं नाही, आणि तुमची बदली थेट तोरणमाळला. चढा मग घाट!"

"चढेन की," बाई म्हणाल्या. पण आवाज जरा बसला होता.

त्यात भिकुबाई पदर खोचून आली. "काय करी ऱ्हायन्यात बाई? देवनं दार जमीनवर? मन्हा नवसनं काय व्हई आते?"

बाई काही बोलणार, तोच प्रमिलानं भीत भीत कोरलेल्या अक्षरात बोट घातलं. खाचेतून बोट आपोआप वळलं, पाटीवर गिरवलेली अक्षरं ओळखीची निघाली. "ज... डा... व..." आणि मग एका दमात, "जडावबाई!"

भिकुबाई दारावर वाकली. मग हळूच म्हणाली, "हाई देवनं नाव शे?"

"नाही, भिकुबाई. एका बाईचं."

"बाईनं? इतलं मोठं?"

तिनं पायरीवर नारळ फोडला आणि साऱ्या मुलांना खोबरं वाटलं. नवस फिटला, देवपण संपलं. दुसऱ्या दिवसापासून प्रत्येक बोट त्या अक्षरांतून फिरू लागलं. मुलं कागद ठेवून वरून गेरू घासायची आणि नाव उमटवून घरी न्यायची.

दसरा उजाडला. गुरुजींनी घाईनं टेबलावर चादर पसरली आणि वर सरस्वतीची तसबीर ठेवली. शेठजी आले. त्यांच्या कोटाला मिरचीचा असा वास की पहिल्या रांगेनं शिंकूनच स्वागत केलं.

शेठजी माझ्यासमोर थांबले. "गुरुजी, किवाड कुठे आहेत? त्यावर माझ्या माँचं नाव होतं."

गुरुजी तसबिरीकडे पाहू लागले, जणू उत्तर तीच देणार. निर्मलाबाईंनी एक पाऊल पुढे टाकलं. "मी काढली, शेठजी." शेठजींचा चेहरा उतरला. "माझ्या माँचं नाव उतरवलंत?"

तेव्हा भिकुबाई उठली. तसबीर उचलून तिनं गुरुजींच्या हातात दिली आणि चादर ओढली. "शेठजी, हाई देखा. आठे शे तुमनी माय."

अक्षरं गेरूनं लाल झाली होती, बोटं फिरून फिरून गुळगुळीत. सगळी मुलं एका सुरात वाचू लागली. शेठजी खाली बसले. कोट मातीत लोळला तरी त्यांना भान नव्हतं. त्यांनी बोट खाचेत ठेवलं, पोरांसारखंच.

"माँला सही येत नव्हती," ते म्हणाले. "अंगठा लावायची आणि मग पदराआड लपवायची."

 मग पुन्हा एक शिंक.

"किवाड परत लावू नका," उठताना ते बाईंना म्हणाले. दारापर्यंत जाऊन वळले. "दुसरं किवाड कोरं दिसतं. त्यावर बाबूजींचं नाव कोरून घेऊ." व्यापारीच ते. मोकळी जागा त्यांना कशी बघवणार?

मित्रांनो, तेही नाव कोरलं गेलं, तेही मुलांनी वाचलं. मला इथे येऊन आता सातवं दशक सरत आलं आहे. माझे कोपरे झिजले, फळ्या वाकल्या. जडावबाईंची अक्षरं तर इतकी उथळ झाली आहेत की डोळ्यांना धड दिसतही नाहीत. बोटांना मात्र अजून वाचता येतात.

म्हणून एवढंच मागते. माझी धूळ पुसा, पावसाळ्यात मला ओल्या भिंतीपासून दूर सरकवा, फाटलेलं पान खळीनं चिकटवा. पण जपायचं म्हणून मला कुलूप लावू नका, आणि नमस्कार तर अजिबात करू नका. या, हात लावा.