घोंगड्यांखालचा भूकंप

बेळगावजवळच्या अनगोळच्या पारापुढं ही गर्दी उसळली होती. पारावर घोंगड्यांचा भलामोठा ढीग होता, आणि तो ढीग चक्क थरथरत होता!

"हालला! हालला!" मालुबाई किंचाळली आणि तिनं तिथंच लोटांगण घातलं.

ढिगाशेजारी धरणीधरबुवा डोळे मिटून बसले होते. चौतीस सालचा जानेवारी होता. बिहारात भूकंपानं गावंच्या गावं भुईसपाट झाल्याची बातमी बेळगावात पोचली आणि तिच्या पाठोपाठ हे बुवाही पोचले.

"लेकरांनो, तिकडनं निघालेला भूकंप काल निपाणीला मुक्कामाला होता. आज काकती ओलांडून आलाय! मी त्याला घोंगड्यांखाली दाबून धरलाय. जितकी घोंगडी घालाल तितका तो गप पडंल. पण ढिगाला हात लावलात, तर बेळगावचं बिहार होईल!"

बुवांनी ढिगाच्या बुडाशी मूठभर ज्वारी टाकली. "ॐ तीं तीं तीं!"

ढीग गदगदा हलला. आणखी चार घोंगडी येऊन पडली.

मिशनच्या दवाखान्यातली नर्स सलोमीबाई मागं उभी राहून हे बघत होती. तिचा जीव तुटत होता. चर्चमध्ये बिहारच्या लोकांसाठी प्रार्थना झाली तेव्हा अनगोळातून घोंगडी आणायचं तिनं अंगावर घेतलं होतं. गाठोडी संध्याकाळच्या आगगाडीनं बिहारला जायची होती. पण ज्या दारात जावं तिथं एकच उत्तर मिळे, "बुवांना दिली, आक्का." तिकडं माणसं उघड्यावर कुडकुडत असतील आणि इथं ऊब मिळत होती ती भूकंपाला!

बुवांनी पुन्हा मंत्र म्हटला आणि सलोमीबाईनं कान टवकारले. रोज सकाळी कोंबड्यांना दाणे टाकताना ती नेमकी हीच हाक मारायची!

ती पुढं झाली. "बुवा, मंत्र लई जागृत दिसतो. मी म्हणून बघू?"

"ख्रिस्ती माणसाच्या तोंडी मंत्र फळत न्हाय!"

"मग म्हनू द्या की," मालुबाईचा नवरा भावकू म्हणाला. "न्हाय फळला तर काय बिघडतंय?"

सलोमीबाई वाकली. "तीऽ तीऽ तीऽ! ये गं माझे बाई!"

ढीग नुसता हलला नाही, एका अंगाला कलला. आणि आतून आवाज आला, "कॉक् कॉक् कॉकॉक्!"

"अगं आई गं, भूकंप वरडाय लागला!" मालुबाईनं पदर तोंडाला लावला.

सलोमीबाईनं घोंगडी भराभर बाजूला सारली. खाली वेताचं डालगं पालथं घातलेलं होतं. ते उचलताच एक कोंबडी पिसं झाडत ऐटीत बाहेर आली. मागं ताजं अंडं होतं.

"आरं, ही तर आमची तांबडी!" भावकू ओरडला. "परवाधरनं हुडकतोय हिला!"

"साक्षात शेषानं हे रूप घेतलंय!" बुवा गडबडीनं म्हणाले.

"शेष आसंल न्हायतर आनी कोन," मालुबाई उसळली, "कोंबडी आमची हाय!"

हशा पिकला, आणि त्या गोंधळात बुवा पारामागून पसार झाले.

"उपाशी कोंबडीला हाक मारली की ती धडपडते," सलोमीबाई म्हणाली. "ती धडपडली की डालगं हलतं, आणि डालगं हललं की वरची घोंगडी. एवढाच हा भूकंप."

भावकूनं डोकं खाजवलं. "पर आक्का, तुमी बी प्रार्थनाच करताय न्हवं? तिनं थांबतोय व्हय भूकंप?"

"न्हाय थांबत. थांबतो असं कुणी सांगितलं, मग तो आमचा पाद्री का असेना, तर त्याला विचारायचं, दाखवा कसा ते. प्रार्थनेनं आम्हाला त्या माणसांची आठवण राहते. पण त्यांची थंडी घोंगड्यानंच जाते."

मग मालुबाईनंच पहिलं घोंगडं उचलून सलोमीबाईनं आणलेल्या बैलगाडीत टाकलं. बघता बघता गाडी भरली.

गाडी हलणार तेवढ्यात भावकू पुढं आला. "तिकडं थंडी लई आसती व्हय?"

"लई."

"थांबा जरा, एक घोंगडं अजून घरात हाय," म्हणून तो घराकडं पळत सुटला.