धोंडीबाचा राजदंड

"खांद्यावर नको घेऊस गं, कुदळ नाय ती," धोंडीबा म्हणाला. "आणि एवढा लांब पण नको धरूस. साप धरलाय का?"

अक्षदाने राजदंड पुन्हा छातीशी आणला. एक हात खाली, एक वर, कोपर अंगाला चिकटलेलं.

"असा?"

"आता बरोबर. चल. घाई नाय करायची. मागून महापौर येतायत, त्यांचं वय तुझ्याएवढं नसतं."

पालिकेचं सभागृह रिकामं होतं. खुर्च्यांवरची प्लास्टिकची आवरणं दोन दिवसांपूर्वी निघाली होती आणि लाल मखमल इतकी ताजी दिसत होती, जणू तिच्यावर कधी कुणी बसलंच नव्हतं. चार वर्षं खरंच कुणी बसलं नव्हतं. मुदत संपली, निवडणूक लांबली, प्रशासक आले. रस्ते, घरं, आरक्षणं, अंदाजपत्रक, सगळ्याचे ठराव वरच्या मजल्यावरच्या एका केबिनमध्ये, एका सहीने आणि अजिबात आवाज न होता व्हायला लागले. कुणी म्हणे काम झटपट होतं. होत असेलही. पण धोंडीबाला त्या शांततेने जीव नकोसा झाला होता.

कारण धोंडीबाचं काम सभेचं. बावीस वर्षं तो राजदंडाचा शिपाई होता. साडेतीन फुटांचा सागवानी दांडा, वर चांदीचा पत्रा, टोकाला पालिकेचं बोधचिन्ह. पुढे राजदंड घेतलेला धोंडीबा, मागे महापौर, अशी मिरवत स्वारी सभागृहात यायची. महापौरांच्या आसनापुढच्या लाकडी चौकटीत दांडा उभा राहिला की सभा सुरू. म्हणूनच सभा बंद पाडायची असली की विरोधक आधी त्याच्याकडे धावत. राजदंड पळवला की झालं, दुसऱ्या दिवशी पेपरात फोटो.

"मामा, ते पळवायला आले तर काय करायचं?" अक्षदाने विचारलं. तिचा नवरा पालिकेत वायरमन होता. तो वारल्यावर अनुकंपेवर तिला ही नोकरी मिळाली होती. बाई राजदंड घेणार म्हणून ऑफिसात थोडी कुजबुज झाली, तेव्हा धोंडीबानेच सांगितलं होतं, की दांड्याला काय कळतंय कुणी धरलाय ते.

"धरून उभं राहायचं. आपण ओढायचं नाय, ढकलायचं नाय. ते ओढतात, आपण धरतो."

"आणि चार-पाच जण आले तर?"

"तर सोडावा लागतो शेवटी."

"पण कधी सोडायचा?"

धोंडीबाने खिशातून फडकं काढलं आणि बोधचिन्हावरचं तिच्या बोटांचे ठसे पुसत बसला. "चल, परत एकदा दारापासून," तो म्हणाला.

निवडणूक झाली होती. निकाल लागले होते, टेंभी नाक्यापासून घोडबंदरपर्यंत शहरभर गुलाल उधळून झाला होता. आता फक्त महापौर निवडीच्या पहिल्या सभेची तारीख यायची होती. धोंडीबाचा सगळा जीव त्या तारखेत अडकला होता. एकतीस जानेवारीला तो निवृत्त होणार होता. त्याच्या आत सभा लागली, तर भरल्या सभागृहात एकदा, शेवटचं, राजदंड घेऊन चालायचं. बस. चार वर्षं दर सोमवारी कपाट उघडून, विभूती आणि मऊ फडकं घेऊन त्याने तो दांडा लखलखीत ठेवला होता तो काय कपाटासाठी? घरी हौसाबाई ओरडायची, "अवं, देव्हाऱ्यातली इभूत जाती कुठं? तुमचं सायब कपाळाला लावत्यात का?"

नगरसचिव केदार साहेब दारात उभे होते. त्यांच्या हातात कागद होता आणि चेहऱ्यावरून तो काय आहे ते धोंडीबाला कळलं.

"तारीख आली, धोंडीबा."

"कितीला, साहेब?"

"सहा फेब्रुवारी."

माईक तपासणारा माणूस तेवढ्यात "हॅलो, हॅलो, वन टू थ्री" करत होता. धोंडीबाने फडक्याची घडी करून खिशात ठेवली.

"सहा दिवसांचा प्रश्न हाय, साहेब. मी असाच येतो. पगार नको, काय नको."

"पगाराचं नाही हो. निवृत्त माणसाच्या हातात राजदंड कसा देऊ? नियमात बसत नाही. उद्या काही झालं तर जबाबदारी कोणाची?"

"काय होणार हाय?"

"तुमच्या हातून एकदा गेलेला आहे," केदार साहेब हसत म्हणाले. चेष्टेतच म्हणाले. मग त्यांचं त्यांनाच ते आवडलं नसावं. "प्रेक्षक सज्जाचा पास देतो. पहिल्या रांगेतला. याल ना?"

"येतो," धोंडीबा म्हणाला.

तो 'एकदा' आठ वर्षांपूर्वीचा. अंदाजपत्रकाची सभा होती. वर्तकनगरच्या मागे डोंगरउतारावर चाळी आहेत, तिथे वरपर्यंत पाणी चढत नसे. बायका खालच्या नळावरून हंडे भरून दीडशे पायऱ्या चढत. त्या भागाच्या नगरसेविका संचिताताई, आधी बालवाडीच्या शिक्षिका, तीन वर्षं वरच्या टाकीसाठी भांडत होत्या. त्या वर्षीही अंदाजपत्रकातून टाकी गळाली. ताई उठल्या, बोलू लागल्या, त्यांचा माईक बंद झाला. मग त्या तरातरा पुढे आल्या आणि त्यांनी राजदंडाला हात घातला. धोंडीबाने तो धरला.

सगळ्यांनी पाहिलं ते एवढंच, की बारीक चणीच्या बाईने हिसका दिला आणि पाच फूट दहा इंचांच्या धोंडीबाच्या हातून दांडा गेला. दुसऱ्या दिवशी पेपरात ताईंचा फोटो आला, डोक्यावर राजदंड उचललेला. शहरभर चर्चा झाली. पुढच्या सभेत टाकीला तरतूद मिळाली आणि दीड वर्षात डोंगरावर पाणी आलं.

धोंडीबाला मात्र मेमो मिळाला, हलगर्जीपणाचा. त्याने उत्तरात एक ओळ लिहून दिली, 'माझी ताकद कमी पडली.' ती ओळ आजही त्याच्या सेवापुस्तकात आहे. आणि तेव्हापासून कॅन्टीनमध्ये चहा मागितला तरी कुणी ना कुणी म्हणायचं, "धोंडीबाला दूध जास्त घाला रे, बाई दांडा घेऊन जाते."

खरी गोष्ट अशी, की संचिताताईंच्या ओढण्यात काही जोर नव्हता. चिमणीने दोरी ओढावी तेवढा. धोंडीबाने मनात आणलं असतं तर त्या संध्याकाळपर्यंत लोंबकळत राहिल्या असत्या. पण तोही त्याच डोंगरावर राहायचा, वरून तिसऱ्या चाळीत. आदल्या आठवड्यात हौसाबाई हंड्यासकट पायऱ्यांवरून घसरली होती आणि तिचं मनगट प्लॅस्टरमध्ये होतं. ताई ओढत होत्या आणि हळूच म्हणत होत्या, "सोडा हो, सोडा." धोंडीबाने बोटं उघडली.

हे त्याने कुणालाच सांगितलं नव्हतं. नोकरीचा प्रश्न होता. हौसाबाईलाही नाही, कारण तिला सांगितलं असतं तर दुसऱ्या दिवशी पाण्याच्या वेळेला अख्ख्या चाळीला कळलं असतं. पण मनात त्याने ते जपून ठेवलं होतं. त्या सभागृहात हजारो ठराव झाले, त्यातल्या एकात आपलाही हात होता, हे निवृत्त झाल्यावर एकदा, निदान एका माणसाला सांगायचं. नेमक्या माणसाला.

एकतीस तारखेला शाल मिळाली, नारळ मिळाला. केदार साहेब चांगलं बोलले. धोंडीबाने प्रभार यादीवर सही केली. 'राजदंड, नग एक, सुस्थितीत.' खाली अक्षदाने सही केली. सही करण्याआधी तिने ती ओळ दोनदा वाचली, ते पाहून त्याला बरं वाटलं. वस्तूचं वजन कळलेलं होतं पोरीला.

सहा तारखेला सकाळी तो युनिफॉर्म घालायला निघाला होता. हौसाबाईने तो हातातून काढून घेतला आणि पांढरा सदरा पुढे केला.

"आता पावणं म्हणून जायाचं हाय तुमास्नी," ती म्हणाली. "ऐटीत जावा."

प्रेक्षक सज्जा वरच्या बाजूला. बावीस वर्षांत तो तिथे कधी बसला नव्हता. खाली सभागृह भरत होतं. नवे चेहरे, कडक इस्त्री, फेटे, कुणाची आई, कुणाची लेकरं. केवढा तो आवाज! एकाच वेळी दीडशे माणसं बोलत होती आणि कुणीच कुणाचं ऐकत नव्हतं. धोंडीबाचे डोळे भरून आले. चार वर्षं त्याला हाच गोंगाट हवा होता.

"अय्या, धोंडीबा तुम्ही?"

शेजारच्या खुर्चीत संचिताताई. केस पांढरे झालेले, चष्मा जाड. यंदा प्रभाग नव्याने आखले गेले, डोंगराचे दोन तुकडे दोन प्रभागांत गेले, आणि ताईंचं तिकीट त्या गडबडीत कुठे गेलं ते कुणालाच सांगता आलं नाही. त्यांनीही पास काढला होता. बरोबर त्यांची भाची आसावरी होती, घोडबंदरच्या नव्या टॉवरमध्ये राहणारी.

"आसावरी, हेच ते! मी सांगते ना नेहमी?" ताईंचा चेहरा उजळला. "यांच्याच हातातून मी राजदंड घेतला होता. बघ किती उंचपुरे आहेत! आणि मी एवढीशी."

"रियली मावशी? मला वाटायचं तू वाढवून सांगतेस," आसावरी हसली.

"वाढवून? विचार ना त्यांना! सांगा हो धोंडीबा, किती घट्ट धरला होता तुम्ही!"

धोंडीबाने ताईंकडे पाहिलं. नेमकं माणूस समोर होतं. नोकरी संपलेली होती, मेमोची भीती उरली नव्हती. आठ वर्षं जपलेलं वाक्य अगदी ओठांवर आलं.

ताई खाली सभागृहाकडे पाहत बोलत होत्या. "पंधरा वर्षं होते मी इथे. बागेचं उद्घाटन कोण लक्षात ठेवतं? गटारांची झाकणं बसवली, त्यावर माझं नाव आहे का? लोकांना माझं एवढंच आठवतं. आणि खरं सांगू, मला पण. आयुष्यात एकदाच एवढा जोर आला होता अंगात. कुठून आला देव जाणे."

त्यांचे हात मांडीवर होते. बारीक, शिरा दिसणारे. ते त्यांनी एकमेकांत घट्ट धरले होते.

"हां, मग काय," धोंडीबा म्हणाला. "लय जोर होता ताई तुमचा. आठ दिवस माझं मनगट दुखत होतं. हळद लावायची बायको."

"ऐकलंस?" ताई भाचीला म्हणाल्या, आणि लहान पोरीसारख्या हसल्या.

धोंडीबाही हसला. ते वाक्य आत कायमचं मिटलं, हे त्याला जाणवलं. वाईट वाटलं, नाही कशाला म्हणा. पण टाकी तर भरत होती रोज सकाळी.

खाली, अजून महापौर नसल्याने राजदंडाशिवायच, हात वर करून मतदान झालं. टाळ्या झाल्या. नव्या महापौरबाई निवडून आल्या आणि त्यांना मिरवत आणण्यासाठी सभा थोडी थांबली. मग दार उघडलं.

अक्षदा आली. निळी साडी, केस घट्ट बांधलेले, राजदंड छातीशी, कोपर अंगाला चिकटलेलं. सगळं सभागृह उभं राहिलं. दीडशे माणसांचा गोंगाट एका क्षणात थांबला आणि फक्त तिच्या चपलांचा आवाज आला. वर धोंडीबाही उभा राहिला. गालिच्याला जिथे घडी पडते तिथे ती पाऊल चुकेल असं त्याला वाटलं आणि त्याने इथूनच पाय उचलला. ती चुकली नाही. दांडा चौकटीत बसला, टक्क असा आवाज झाला. तो आवाज वरूनही ऐकू येतो हे त्याला आज कळलं.

सभा संपली. माणसं हारतुऱ्यांमागे धावली. धोंडीबा ताईंचा निरोप घेऊन खाली उतरला, तेव्हा अक्षदा राजदंड कपाटात ठेवायला निघाली होती.

"मामा! कसं झालं? मी फुल टेन्शनमध्ये आलेली."

"झकास. पाठ ताठ होती."

तिने आजूबाजूला पाहिलं. कॉरिडॉरमध्ये कुणी नव्हतं. तिने राजदंड त्याच्यापुढे केला. "घ्या ना. कपाटापर्यंत तुम्हीच न्या. कोण बघतंय?"

चांदीवर ट्यूबलाइटचा उजेड पडला होता. बोधचिन्हाच्या खाली, त्याच्या अंगठ्याने बावीस वर्षांत गुळगुळीत झालेली जागा त्याला लगेच दिसली. त्याने हात पुढे केला. मग तो पाठीमागे नेला आणि दुसऱ्या हातात धरला.

"नाय. आता तुझ्या नावावर हाय तो," तो म्हणाला. "चल तू पुढं."

अक्षदा चालू लागली. घाई न करता, त्याने शिकवलं होतं तसं. आणि पांढऱ्या सदऱ्यातला धोंडीबा तिच्या मागून, चार पावलांचं अंतर ठेवून, जिथे आजवर महापौर चालत आले होते तिथून, हात पाठीशी बांधून कपाटापर्यंत चालत गेला.